पेपरात लिहिलं होतं, अशी बाई नसते

माझ्या सासूबाईंना त्यांच्या ऑफिसात सगळे हॅलोताई म्हणायचे. आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीत, तळमजल्यावर जिन्याखाली एक अरुंद खोली होती. त्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि बोर्डासमोरच्या खुर्चीवर त्यांची अर्धी नोकरी गेली. बाहेरून आलेला फोन आधी त्यांच्याकडे यायचा, मग त्या बोर्डावरच्या भोकात वायर खुपसून तो वरच्या साहेबाला जोडून द्यायच्या. साहेबाला बाहेर बोलायचं असलं तरी तेच. मंत्री असो नाहीतर शिपाई, त्यांच्या हातातून गेल्याशिवाय कुणाचा आवाज त्या इमारतीबाहेर पडत नसे. अजूनही घरी फोन उचलला की त्या इतक्या स्वच्छ, खणखणीत आवाजात ‘हॅलो’ म्हणतात की समोरच्याला वाटतं आपण चुकून कुठल्यातरी कचेरीत फोन लावला. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी दोनदा तसाच फोन ठेवून दिला होता.

मी या घरात आले तेव्हा त्यांना निवृत्त व्हायला थोडाच काळ राहिला होता. बाई मोजकं बोलणाऱ्या, पण कुढ्या नाहीत. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करणार आणि पकडलं तर वर हसणार. फक्त नोकरीतल्या मधल्या काही वर्षांचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, ‘तेव्हा मी डेपोत होते.’ एवढं बोलून त्या उठून कामाला लागायच्या.

डेपो म्हणजे खात्याचं औषधांचं गोदाम. ते इतकं लांब होतं की सकाळी घरून निघालेला माणूस तिथे दिवेलागणीला पोचे. माझा नवरा प्राथमिक शाळेत असताना सासूबाईंची तिथे बदली झाली, आणि तो मिसरूड फुटायच्या वयाला आला तेव्हा त्या परत आल्या. मधल्या काळात त्याला वडिलांनी आणि आत्याने सांभाळलं. आई महिन्यातून एखाद्या वेळी यायची. लग्न नवं असताना, कशावरून ते आता आठवत नाही, तो मला म्हणाला होता, ‘तेव्हा तिने तोंड बंद ठेवलं असतं तर माझं लहानपण चारचौघांसारखं गेलं असतं.’

कशाबद्दल तोंड बंद ठेवायचं होतं, असं मी विचारलं. त्याने मला पाच-सहा वाक्यांत सांगितलं, आणि तेही खिडकीबाहेर बघत.

सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या सलाइनच्या बाटल्या खराब निघाल्या होत्या. बाळंत झालेल्या बायका त्यात दगावल्या. गदारोळ झाला तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी भर सभागृहात सांगितलं की बाटल्या बनवणाऱ्या कारखानदाराला मी ओळखत नाही, त्याच्याशी जन्मात कधी बोललेलो नाही. चौकशी आयोग बसला. मंत्र्यांच्या मजल्यावरच्या सगळ्यांना साक्षीला बोलावलं. सचिव म्हणाले आठवत नाही, स्टेनो म्हणाली आठवत नाही, शिपाई म्हणाला मी नवीन आहे. मग जिन्याखालच्या टेलिफोन ऑपरेटरला विचारलं, मंत्र्यांचं त्या कारखानदाराशी फोनवर बोलणं झालं होतं का. ती म्हणाली, हो, झालं होतं.

मंत्र्याचं पद गेलं, कारखाना बंद पडला. आयोगाच्या अहवालात सासूबाईंचं नाव नव्हतं, ‘एक टेलिफोन ऑपरेटर’ एवढंच होतं. दोन महिन्यांत त्यांना डेपोची ऑर्डर मिळाली, प्रशासकीय सोयीसाठी.

हे सगळं आमच्या घरात असं मिटून पडलेलं होतं. सासरे गेले, मुलगी मोठी होऊन कॉलेजात जायला लागली, आणि मग गेल्या वर्षी तो सिनेमा आला.

मुलगीच बातमी घेऊन आली. ‘आजी, तुझ्या खात्यावर सिनेमा आलाय. राजकीय थरारपट. सलाइनचा घोटाळा आहे त्यात.’ आजी तेव्हा पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘मंत्र्याचं काम कोण करतंय?’ मुलीने नटाचं नाव सांगितलं. ‘तो फार देखणा आहे,’ असं म्हणून त्यांनी जुडी परत उचलली.

आम्ही चौघं दुपारच्या खेळाला गेलो. नवरा यायला तयार नव्हता, पण आईला एकटीला कसं पाठवायचं म्हणून आला. पहिल्या पंधरा मिनिटांतच मला कळून चुकलं की सिनेमावाल्यांनी आयोगाचा अहवाल कसून वाचलाय आणि त्यातल्या ‘एक टेलिफोन ऑपरेटर’ला त्यांनी नायिका केलंय. पडद्यावरची ऑपरेटर ऐन पंचविशीतली होती. अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून ती मंत्र्याचं बोलणं चोरून ऐकते, गुंड तिच्या मागे लागतात, ती गच्च्यांवरून उड्या मारत पळते. शेवटी आयोगासमोर उभी राहून ती असं लांबलचक भाषण करते की न्यायाधीश खुर्चीतून उठून उभे राहतात. थिएटरात टाळ्या कडाडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पर्समधून खोकल्याची गोळी काढत होत्या.

बाहेर आल्यावर मुलीला धीर धरवेना. ‘आजी, कसा वाटला?’

‘खुर्च्या चांगल्या आहेत,’ त्या म्हणाल्या. मग बसस्टॉपवर पोचल्यावर म्हणाल्या, ‘पोरीने काम छान केलंय. पण ती चोरून ऐकते. मी कधी कुणाचं ऐकलं नाही. एवढं एक त्यांनी करायला नको होतं.’

मुलगी हबकली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बसमध्ये तिने मला कोपऱ्यात गाठून सगळं वदवून घेतलं, आणि उतरेपर्यंत ती आजीचा हात धरून बसली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात सिनेमाच्या परीक्षणांशिवाय दुसरा विषय नव्हता. एरवी परीक्षण वाचतं कोण? तारे किती दिलेत ते बघायचं आणि पान उलटायचं. पण आता मुलगी सकाळी चहाबरोबर मोबाइलवरून वाचून दाखवायची. एका पेपराने साडेचार तारे देऊन ‘श्वास रोखून धरायला लावणारा’ असं लिहिलं. दुसऱ्याने हा विरोधकांच्या पैशावर काढलेला प्रचार आहे असं सांगून दीड तारा दिला, आणि तो दीड कशासाठी ते सांगितलं नाही. त्या जुन्या मंत्र्याच्या पक्षातले लोक टीव्हीवर येऊन, सिनेमा न बघता, त्यातले कुठले प्रसंग कापावेत ते सांगत होते. कुणीतरी लिहिलं, मध्यंतरापर्यंत ठीक, नंतर मी झोपलो. सासूबाईंना ते फार आवडलं. ‘हा माणूस खरं बोलतोय,’ त्या म्हणाल्या.

मग रविवारच्या पुरवणीत एका नावाजलेल्या समीक्षकाचं परीक्षण आलं.

हा समीक्षक म्हणजे साधी असामी नव्हे. कॉलेजात असल्यापासून माझा नवरा त्याचं लेखन वाचत आलाय. त्याने चांगलं म्हटलेला सिनेमा आम्ही रिकाम्या थिएटरात जाऊन बघितलाय आणि त्याने वाईट म्हटलेला फुकट पास मिळूनही सोडलाय. नवऱ्याने पुरवणी उघडली, वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. मी पेपर ओढून घेतला. समीक्षकाने सिनेमाला अडीच तारे दिले होते. छायाचित्रण, मंत्र्याचं काम, पहिला तास यांचं मोकळ्या मनाने कौतुक केलं होतं, शेवटचं भाषण कृत्रिम म्हटलं होतं. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘हा डोलारा ज्या खांबावर उभा आहे तो खांबच पोकळ आहे. टेलिफोन ऑपरेटरची ही व्यक्तिरेखा पटकथेची अडचण सोडवण्यासाठी जन्माला आली आहे. अशी बाई सरकारी कचेरीत नसते. ती फक्त सिनेमात असते.’

‘अशी बाई नसते म्हणे,’ नवरा म्हणाला. ‘मग मी काय भुताच्या पोटी जन्माला आलो?’

त्याचा चहा गार झाला, साय धरली, तरी तो हात लावेना. मी त्याच्याकडे बघतच राहिले. आईच्या त्या साक्षीपायी ज्याने आयुष्यभर मनात अढी धरली, तोच आज त्या साक्षीसाठी भांडायला उठला होता. बहुतेक त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो पेपराची घडी पुन्हा पुन्हा घालत बसला.

सासूबाई म्हणाल्या, ‘त्याने माझ्याबद्दल कुठे लिहिलंय? सिनेमातल्या बाईबद्दल लिहिलंय.’

‘सिनेमातली बाई तूच आहेस.’

‘मी कुठे गच्च्यांवरून पळाले? मला जिना चढला की धाप लागायची.’

‘आई, विषय पळण्याचा नाहीये. तू होतीस की नव्हतीस?’

‘होते की,’ त्या म्हणाल्या. ‘ते त्याला माहीत असायचं कारण काय?’

आठवडाभर नवऱ्याचं डोकं त्यातच होतं. समीक्षकाला पाठवायचा मजकूर मनातल्या मनात तयार करायचा, मला ऐकवायचा आणि आपणच मोडीत काढायचा. तेवढ्यात मुलीने शोधून काढलं की पुढच्या शनिवारी दुपारी शहराच्या वाचनालयात या सिनेमावर चर्चा ठेवली आहे. दिग्दर्शक येणार आहे आणि हाच समीक्षकही. नवरा म्हणाला, मी जाणार. सासूबाई म्हणाल्या, मग मीही येते, नाहीतर तू तिथे काहीतरी करून बसशील. एक शब्द बोलायचा नाही असं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

वाचनालयाचा वरचा हॉल भरलेला होता. पंखे नुसते आवाज करत होते. दिग्दर्शक तरुण, हसतमुख, दर दोन वाक्यांनी केसांतून हात फिरवणारा. समीक्षक मी डोक्यात धरला होता त्याहून वेगळाच निघाला. अंगाने स्थूल, आवाज इतका हळू की मागच्यांनी दोनदा ‘मोठ्याने’ म्हणून ओरडा केला. सुरुवातीला नेहमीचंच झालं. एक गृहस्थ उठून म्हणाले, हा सिनेमा आमच्या नेत्याची बदनामी आहे. दुसरे उठून म्हणाले, तुमच्या नेत्याची बदनामी करायला सिनेमा कशाला हवा. हशा पिकला. मग कुणीतरी ऑपरेटरचा विषय काढला.

समीक्षक म्हणाला, ‘मला सिनेमाचा राग नाही. पण ही बाई असं का करते, ते मला कुठेही दिसलं नाही. तिचं कुणी दगावलेलं नाही. मंत्र्याशी तिचं वैर नाही. तिला काही मिळणार नाहीये, उलट सगळं जाणार आहे. मग का? तर लेखकाला साक्ष हवी होती, म्हणून ती साक्ष देते.’

दिग्दर्शक म्हणाला, ‘सर, लोक त्या सीनला उभे राहून टाळ्या वाजवतात.’

‘टाळ्या भाषणाला पडतात. मी माणसाबद्दल विचारतोय.’

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. नवरा उभा राहिला होता. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की तिच्यावर बसलेल्या बाई मागे वळून बघायला लागल्या.

‘अशी बाई असते,’ तो म्हणाला. ‘ती माझी आई आहे. इथे बसली आहे.’

सगळ्या माना आमच्या रांगेकडे वळल्या. सासूबाईंनी मुलाच्या शर्टाचं टोक ओढलं. ‘बस खाली,’ त्या हळूच म्हणाल्या. तो बसला. आता उठल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्यांना दिसत होतं. पर्स माझ्या मांडीवर ठेवून त्या उठल्या. एक कार्यकर्ती माइक घेऊन धावत आली. ‘नको,’ त्या म्हणाल्या, ‘माझा आवाज पोचतो.’

आणि खरोखरच पोचला. जिन्याखालच्या खोलीतला तो स्वच्छ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

‘मी त्या वेळी आरोग्य खात्यात टेलिफोन ऑपरेटर होते. मुलगा म्हणतो ते खरं आहे. पण मी कुणाचं बोलणं चोरून ऐकलेलं नाही, ते आधी सांगते. ऑपरेटरने ऐकायचं नसतं.’

दिग्दर्शकाने केसांतला हात खाली घेतला.

समीक्षक पुढे वाकला. ‘मग तुम्हाला कसं कळलं?’

‘कारखानदार घाईत होता. लाइन लागेपर्यंत तो माझ्यापाशीच तणतणत होता. साहेबांना विचारा म्हणाला, सलाइनच्या त्या बाटल्या दवाखान्यांतून आजच्या आज उचलायच्या की तशाच राहू द्यायच्या. तोवर दवाखान्यांतली बातमी पेपरातही आली नव्हती. असं सगळेच बोलायचे हो माझ्यासमोर. त्यांच्या लेखी मीसुद्धा बोर्डच होते. मी लाइन जोडली आणि बाजूला झाले. पुढे काय बोलले, मला माहीत नाही. आयोगालाही मी तेवढंच सांगितलं.’

‘आणि तिथे तुम्ही काय बोललात?’

‘त्यांनी विचारलं, मंत्र्यांचं या माणसाशी बोलणं झालं का. मी म्हटलं, हो. लाइन मी जोडली होती. मग त्यांनी तारीख विचारली, ती सांगितली. वकिलाने विचारलं, इतके फोन येतात, हाच कसा लक्षात राहिला. मी म्हटलं, त्याच दिवशी माझ्या बहिणीला मुलगा झाला, आणि माझ्या डोक्यात सारखं येत होतं की तिला सलाइन कुठलं लावलं असेल. मग मला जा म्हणाले. मी गेले.’

‘भाषण?’

‘कसलं भाषण? घशाला कोरड पडली होती. पाणी मागायचंही सुचलं नाही.’

हॉलमध्ये लोक हसले, पण ते हसू वेगळं होतं. समीक्षक हसला नाही. तो आधीइतकाच हळू बोलला, पण आता त्याला कुणी ‘मोठ्याने’ म्हटलं नाही, सगळ्यांनी कान टवकारले. ‘बाई, माझा प्रश्न तोच आहे. का सांगितलंत? बाकीच्यांसारखं आठवत नाही म्हणता आलं असतं.’

मला सासूबाईंचा चेहरा बाजूने दिसत होता. त्या काही आठवत नव्हत्या, सोपं करून कसं सांगावं ते बघत होत्या.

‘मला तेवढं एकच काम होतं,’ त्या म्हणाल्या. ‘लाइन जोडायची. मी ती जोडली नाही असं सांगितलं असतं, तर मग इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मी करत काय होते?’

समीक्षकाने मान खाली घातली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. सासूबाई बसायला लागल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. ‘आणि एक. ते भाषण मला पटलं नाही, तुमचं परीक्षण तिथे बरोबर आहे. सिनेमा तिथे खोटा आहे. पण बाई खोटी नाही.’

त्या बसल्या आणि पर्स परत मांडीवर घेतली. नवरा समोर बघत होता. त्याने आईचा हात धरला वगैरे काही नाही, तो त्यातला नाही. पण त्याची मान अशी ताठ झाली होती की मागच्या माणसाने त्याला जरा खाली व्हायला सांगितलं.

चर्चा संपल्यावर लोकांनी सासूबाईंना गराडा घातला. कुणाला फोटो हवा होता, कुणाला मुलाखत. दिग्दर्शक घाईघाईने आला, नमस्कार करून म्हणाला, तुम्ही आधी भेटायला हव्या होतात. ‘तुम्ही शोधलं नाहीत,’ त्या म्हणाल्या, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की इथे बाथरूम कुठे आहे.

पुढच्या रविवारी समीक्षकाने पुन्हा त्या सिनेमावर लिहिलं. नवऱ्याने सकाळी उठल्याबरोबर कोपऱ्यावर जाऊन तीन अंक आणले होते. समीक्षकाने लिहिलं होतं की मी माझं परीक्षण बदलत नाही. शेवटचा प्रसंग मला आधी कृत्रिम वाटला होता, आता तर तो नुकसान करणारा वाटतो, कारण खऱ्या बाईंनी एका वाक्यात जे केलं ते सिनेमाला पानभर संवादांत जमलेलं नाही. तारे अडीचच. ‘मात्र अशी बाई नसते, हे माझं विधान मी मागे घेतो. अशी बाई असते. ती मी पाहिली. सिनेमाकर्त्यांनीही पाहिली असती तर त्यांना भाषण लिहावंच लागलं नसतं.’

सासूबाईंनी भिंगाखाली धरून सगळा लेख वाचला. ‘तारे वाढवले नाहीत ते बरं केलं,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडे बघून वाढवले असते तर मला त्याच्याबद्दल आदर वाटला नसता.’

तो लेख बऱ्याच लोकांनी वाचला असावा. आमच्या इमारतीच्या वॉचमनने सासूबाईंसाठी लिफ्टचं दार धरायला सुरुवात केली. मुलीच्या कॉलेजातले तिचे मित्र ‘हॅलोताई कशा आहेत’ असं विचारायला लागले. आणि एका दुपारी दारावरची बेल वाजली, तर बाहेर काठी टेकत एक वृद्ध बाई उभ्या. त्या म्हणाल्या, मी स्टेनो. मंत्र्यांच्या ऑफिसातली.

आयोगापुढे ‘आठवत नाही’ म्हणालेली ती हीच. सासूबाईंच्या बदलीनंतर दोघींची गाठ पडली नव्हती. मला वाटलं आता काय होतंय. पण सासूबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं आणि गुडघ्यांची चौकशी केली. दोघी बराच वेळ गुडघे, दात आणि नातवंडं यांवर बोलत राहिल्या. मग स्टेनोबाई मध्येच थांबल्या.

‘तू आत साक्ष देत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर होते,’ त्या म्हणाल्या. ‘दार उघडं होतं. तुझा आवाज मला ऐकू आला. माझी साक्ष आधीच होऊन गेली होती. परत आत जावं असं वाटलं. उठले पण होते.’

‘तुझा नवरा तेव्हा आजारी होता,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुला नोकरी हवी होती.’

‘तुला नको होती?’

सासूबाईंनी मला चहा टाकायला सांगितला. जाताना स्टेनोबाई माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘त्या साक्षीनंतर आम्ही सगळे त्या मजल्यावर तुझ्या आईला घाबरायला लागलो होतो. ती नुसती समोरून गेली तरी आम्ही खाली बघायचो. ती काही बोलायची नाही, तरीसुद्धा.’

त्या गेल्यावर नवरा आईजवळ येऊन बसला. कपबश्या तशाच पडल्या होत्या. त्याने इकडचं तिकडचं काही न बोलता थेट विचारलं, ‘डेपोत तू दिवसभर काय करायचीस?’

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी उचललेल्या कपबश्या परत खाली ठेवल्या.

‘काम फारसं नसायचं,’ त्या म्हणाल्या. ‘बोर्ड होता, पण एवढासा. दिवसाला चार फोन आले तर आले. बाकीचे लोक सुरुवातीला माझ्याशी बोलायचे नाहीत, त्यांना वरून सांगितलेलं असावं. संध्याकाळी घरी फोन लावायचे.’

‘मी यायचो नाही फोनवर.’

‘हो. आत्या सांगायची, तो खेळायला गेलाय. मागे तुझा आवाज ऐकू यायचा.’

सासूबाईंनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. ‘अरे, पोर होतास तू. आणि मला तेवढं पुरायचं. आवाज ऐकला की कळायचं, बरा आहे, सर्दी नाही झालेली. तुझ्या बाबांनी मात्र एकदाही मला म्हटलं नाही की कशाला बोललीस. एकदा मी रडकुंडीला आले होते, राजीनामा देते म्हटलं, तर म्हणाले, दे हवा तर, पण चुकलं म्हणून देऊ नकोस.’

‘बाबा असं म्हणाले?’

‘म्हणाले. मग मी नाही दिला. आणि मला कंटाळा येऊ नये म्हणून एका माणसाची सायकल मागून घेतली.’

‘कशाला?’

‘शिकायला. गोदामाचं आवार केवढं मोठं होतं, नुसतं मोकळं. चाळिशी उलटली होती माझी. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यांच्या खोक्यांवर जाऊन आदळले. माझ्याशी न बोलणारे सगळे बाहेर आले बघायला. एक जण कॅरियर धरून मागे धावायला लागला, दुसरा ओरडून सांगायला लागला, समोर बघा, समोर बघा. त्यानंतर सगळे बोलायला लागले. मी शेवटी शेवटी एक हात सोडून चालवायचे.’

‘तू? सायकल?’

‘साडी खोचून,’ त्या म्हणाल्या. ‘विचार तिथल्या कुणालाही.’

नवरा हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने खोदखोदून विचारलं, सायकल कुणाची होती, पडलीस किती वेळा, तिकडच्या खोलीत कोण सोबत होतं. त्या सांगत गेल्या. मुलगी आली, तीही बसली. स्वयंपाकाला उशीर झाला, पण त्या दिवशी कुणी भुकेचं नाव काढलं नाही.

सिनेमा थिएटरातून उतरला. त्याला दोन बक्षिसं मिळाली, त्यातलं एक त्या ऑपरेटरचं काम करणाऱ्या पोरीला. सासूबाईंना त्याचा आनंद झाला. समीक्षक आता दुसऱ्या सिनेमांवर लिहितो आणि नवरा त्याचं पूर्वीसारखंच नेमाने वाचतो, मात्र पुरवणी आधी आईच्या हातात जाते.

परवा नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र घरी आला होता. त्याने लेख वाचलेला असणार, कारण बसल्या बसल्या म्हणाला, ‘तुझ्या आईंनी म्हणे सरकार हलवलं.’

‘ते आहेच रे,’ नवरा म्हणाला, आणि खुर्ची पुढे सरकवून बसला. ‘पण तुला खरी गोष्ट सांगतो. आमची आई चाळिशीनंतर सायकल शिकली. साडी खोचून. एक हात सोडून चालवायची.’